ग्लस: हिरवा, निळा की करडा? केल्टिक भाषांतल्या एका रंगशब्दाची कूळकथा

उत्तरवात

वेल्श भाषेत आकाश ‘ग्लास’ असतं आणि गवताचं नाव ‘ग्लासवेल्ट’, म्हणजे ग्लास रंगाची काडी. समुद्र ओलांडून आयर्लंडला गेलं की तोच शब्द ‘ग्लस’ असा आखूड होतो. तिथे हिरवं शेत ग्लस, राखाडी मेंढी ग्लस, पांढरट-करडा घोडा ग्लस, आणि थंडी अंगाला झोंबणारा कुंद दिवसही ग्लस. निळं आकाश मात्र ग्लस नाही, त्याला ‘गॉरम’ हा वेगळा शब्द आहे. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये ग्लस बराचसा करड्याकडे झुकलेला, आणि हिरव्यागार गवताला तिथे ‘फीअर गॉरम’ म्हणायची रीत. आयरिश माणसाच्या आकाशाचा शब्द स्कॉटिश माणसाने गवताला दिला!

कार्डिफला आल्यापासून वेल्श शिकते आहे आणि या एका शब्दाने मला जितकं गुंतवलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. इथे संस्कृतचे जाणकार आहेत, आयर्लंडमध्ये राहणारे आहेत. सगळ्यांनी भर घालावी म्हणून हा धागा.

आधी कुटुंबाची ओळख. आज बोलल्या जाणाऱ्या केल्टिक भाषा सहा. एका शाखेत आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स. दुसरीत वेल्श, कॉर्निश आणि ब्रेतॉन. मँक्स ज्यांची मातृभाषा होती असे शेवटचे भाषक १९७४ साली वारले. कॉर्निश तर अठराव्या शतकाच्या आसपासच घराघरांतून गेली होती. दोन्ही भाषा लोकांनी मेहनतीने परत उभ्या केल्या. ब्रेतॉन आज फ्रान्समध्ये आहे, पण ती तिथे पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटनमधून गेलेल्या लोकांबरोबर पोचली. या सहाही भाषांत आपला शब्द आहे.

युरोपच्या मुख्य भूमीवर गॉलिश नावाची बहीण होती, ती रोमन साम्राज्यात लोपली. तिचा एक शब्द रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात टिपून ठेवला: ‘ग्लास्टुम’. ही निळा रंग देणारी एक वनस्पती, इंग्रजीत ‘वोड’. मोहरीच्या कुळातली, पिवळ्या फुलांची. रंग निघतो तो पानांतून. ब्रिटनच्या बायका काही धार्मिक विधींच्या वेळी तो अंगभर माखून जातात, असं प्लिनी लिहितो. त्याच्या आधी सीझर इ. स. पू. ५४ मध्ये ब्रिटनवर दुसऱ्यांदा चालून गेला होता. त्यानेही ब्रिटनमधले सगळे लोक अंगाला निळा रंग लावतात असं नोंदवलं आहे, पण वनस्पतीसाठी त्याने लॅटिन शब्द वापरला. प्लिनीचा शब्द मोलाचा आहे, कारण ‘ग्लास्टुम’मधला ‘स्ट’ इतर भाषांत घासून नुसता ‘स’ उरला. मूळ रूप ‘ग्लास्टो’सारखं असणार, हे त्यावरून कळतं.

आता वेल्शमधली श्रीमंती. खंड्या पक्ष्याला वेल्शमध्ये म्हणतात ‘ग्लास अ दॉरलान’, नदीकाठचा निळा. चांदीच्या नाण्यांना ‘अर्यान ग्लेइशॉन’, म्हणजे ग्लास रंगाचे पैसे. पहाट म्हणजे ‘ग्लास अ दीध’, दिवसाचा ग्लास. करडी घोडी ग्लास. आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या पोरांचा पहिला आठवडा म्हणजे ‘ग्लास’ मंडळींचा आठवडा, कारण ती अजून कोवळी! कोश उघडला तर तिथे अर्थांना क्रमांक दिलेत: निळा, हिरवा, करडा, रुपेरी, फिकट, कोवळा. मला मात्र हे सहा अर्थ वाटतच नाहीत. आपोआप उगवलेल्या, निसर्गातल्या थंड, ताज्या रंगाचं हे एकच नाव आहे. तो कशाचा रंग आहे ते कळलं की छटा आपोआप ठरते.

कोकणकडा

सुंदर धागा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका. पूर्वी या लोकांना निळा-हिरवा फरक दिसत नव्हता असं कुठेतरी वाचलं होतं. त्यात तथ्य आहे का? जपानीत सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणतात, हेही ऐकून आहे.

उत्तरवात

दिसण्याचा काही संबंध नाही. डोळे सगळ्यांचे सारखेच, शब्दांच्या हद्दी वेगळ्या. जपानी ‘आओ’ आणि व्हिएतनामी ‘सान्ह’ ही याच जातीची उदाहरणं. बर्लिन आणि के या अभ्यासकांनी १९६९ साली जगभरच्या भाषांतले रंगशब्द तपासले, तेव्हापासून निळा-हिरवा एकत्र असलेल्या भाषांचा बराच अभ्यास झाला आहे. वेल्शचं उदाहरण त्याही आधीचं. १९४३ मध्ये येल्मस्लेव्ह या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने इंग्रजीचे हिरवा, निळा, करडा, तपकिरी हे चार शब्द आणि वेल्शचे ‘ग्विर्ध’, ‘ग्लास’, ‘ल्लुइड’ हे तीन शेजारी मांडून दाखवलं की एकाच रंगपट्ट्यावर दोन भाषा वेगवेगळ्या जागी रेघा मारतात.

यातला ‘ग्विर्ध’, म्हणजे हिरवा, वेल्शचा घरचा नव्हे. तो लॅटिन ‘विरिडिस’वरून आला. रोमन सत्ता ब्रिटनमध्ये इ. स. ४३ पासून सुमारे ४१० पर्यंत होती, तेव्हाची ही उसनवारी. कॉर्निश आणि ब्रेतॉनमध्येही ‘ग्वेर’ आहे, त्याच लॅटिन शब्दापासूनचा. आयर्लंड रोमनांनी कधी जिंकलंच नाही, आणि आयरिशमध्ये हा लॅटिन हिरवा नाही. माझ्या मते पुढचा सगळा फरक इथून सुरू होतो. वेल्शमध्ये पाहुण्या शब्दाने हिरव्याची जागा घेतली आणि ग्लास निळ्याकडे सरकला. आयरिशमध्ये निळ्याला गॉरम होताच, म्हणून ग्लस हिरव्यात राहिला.

डब्लिनकर

आयरिशमधली गंमत अजून पुढे आहे. इथे हिरव्याला दोन शब्द. दुसरा ‘ऊअन्ये’. शाळेत शिकवतात तो ढोबळ नियम असा: झाडापानांचा, गवताचा हिरवा ग्लस, कापड, रंगरंगोटी वगैरे केलेला, भडक हिरवा ऊअन्ये. १९३७ च्या राज्यघटनेत सातव्या कलमात राष्ट्रध्वजाचं वर्णन आहे, तिथे ध्वजाचा हिरवा ‘ऊअन्ये’ आहे. पर्यावरणवादी ग्रीन पार्टीचं आयरिश नाव मात्र ‘अन कोईंतस ग्लस’. एक हिरवा कापडाचा, एक रानाचा. भाजीपाल्याला इथे ‘ग्लसरा’ म्हणतात, तोही ग्लसवरूनच.

पण नियम दगडावरची रेघ नाही. सिग्नलचा हिरवा दिवा आता ‘सोलस ग्लस’. त्यात झाडपाला कुठे आला? इंग्रजीच्या दडपणाखाली ग्लस हा इंग्रजी ‘ग्रीन’चा सरळ पर्याय होत चालला आहे, आणि करड्या मेंढीला ग्लस म्हणणारी माणसं मुख्यतः पश्चिमेकडच्या गेलटाख्ट, म्हणजे आयरिशभाषक, भागात उरलीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. असा शब्द मरत नाही, आतून रिकामा होतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

जाता जाता: आयरिशमध्ये ‘ग्लस’ म्हणजे कुलूपही. तो निराळा शब्द आहे, रंगाशी त्याचा संबंध जोडू नये.

पाणिनीय

आता माझी पाळी.

बहुतेक व्युत्पत्तिकार ग्लसचं मूळ इंडो-युरोपीय आदिभाषेतल्या, म्हणजे संस्कृत, ग्रीक, केल्टिक वगैरेंच्या समान पूर्वज भाषेतल्या, त्या आदिधातूत शोधतात ज्याचा अर्थ चमकणं, पिवळं-हिरवं असणं असा होता. त्याच धातूची संस्कृत लेकरं म्हणजे हरि, हरित आणि हिरण्य. ‘ग्ल’ कुठे आणि ‘हर’ कुठे, असं वाटेल. पण त्या आदिभाषेतला तालव्य महाप्राण ‘घ’ संस्कृतात ‘ह’ होतो, केल्टिकमध्ये ‘ग’. आणि ‘ल’चा ‘र’ होणं ही तर वैदिक भाषेची खूणच. एका शब्दावर विश्वास बसत नसेल तर दुसरा घ्या. संस्कृत हिम आणि हेमंत. वेल्शमध्ये हिवाळा म्हणजे ‘गायाव्ह’, जुन्या आयरिशमध्ये ‘गाम्’. तोच ह, तोच ग.

इराणी शाखेत याच धातूपासून ‘झर’ म्हणजे सोनं आणि ‘झर्द’ म्हणजे पिवळा. तिथून फारसीमार्गे आपल्याकडे जर, जरी, जरतारी, जर्दा आणि जर्दाळू आले. ग्रीकमध्ये ‘ख्लोरोस’, ज्यावरून आजचे क्लोरीन आणि क्लोरोफिल. इंग्रजीतले ‘यलो’ आणि ‘गोल्ड’सुद्धा इथलेच. आपल्या रोजच्या मराठीत हिरवा, हळद (हरिद्रा) आणि हरताळ (हरिताल). हरताळ हे पिवळं खनिज, पोथीत चुकलेल्या अक्षरावर ते फासत, म्हणून ‘हरताळ फासणे’.

हरि हा शब्दही ग्लसइतकाच ऐसपैस आहे बरं का. ऋग्वेदात इंद्राचे दोन घोडे ‘हरी’, तिथे अर्थ पिंगट, सोनेरी. सोमही हरि. पुढे हिरवाही हरि. भाष्यकारांना दर वेळी ‘कशाचा’ ते पाहूनच रंग ठरवावा लागतो.

मूळ लेखाशी मात्र एक मतभेद. ‘निसर्गातला’ विरुद्ध ‘माणसाने रंगवलेला’ हा भेद आयरिशला लागू पडेल. ब्रेतॉनचं काय? कँपेर शहराभोवतालच्या भागाला ‘ग्लाझिक’ म्हणतात ते तिथल्या पुरुषांच्या निळ्या कोटांवरून. कोटाचं कापड रंगवलेलंच असतं. आणि मुळात ग्लास्टुम हे नाव रंगाऱ्याच्या वनस्पतीचंच आहे, म्हणजे सर्वांत जुना पुरावा तुमच्या विरुद्ध जातो.

शब्दाली

वाह, जर्दाळू आणि वेल्श गवत एकाच कुळातले!

माझे तीन प्रश्न. इंग्रजी ‘ग्लास’, म्हणजे काच, यातूनच का? ग्लासगो शहराचा संबंध आहे का? आणि ‘डग्लस’ नावात हाच शब्द दिसतो, तो?

उत्तरवात

शब्दाली, काचेचा इंग्रजी ‘ग्लास’ हा शब्द जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातला आहे, केल्टिकमधून आलेला नाही. बाल्टिक किनाऱ्यावरचे लोक अंबर या पिवळट जीवाश्म राळेला ‘ग्लेसुम’ म्हणतात अशी रोमन इतिहासकार टॅसिटसची नोंद आहे, काचेचा शब्द त्याच्या जवळचा. चमकण्याच्या त्याच आदिधातूतून दोन्ही निघाले असावेत, म्हणजे नातं चुलत घराण्यातलं.

ग्लासगो: होय. गेलिकमध्ये ‘ग्लसखू’. पण नाव गेलिकच्या आधीचं, वेल्शच्या जवळच्या जुन्या बोलीतलं. ‘हिरवा खोलगट भाग’ हा अर्थ सर्वसाधारणपणे मान्य आहे.

डग्लसमध्ये पहिला भाग ‘डू’ किंवा ‘दुव’, म्हणजे काळा. दुसरा भाग बहुधा ‘ग्लश’, म्हणजे ओहोळ. काळा ओढा. वेल्समध्ये ‘दुलाइस’ नावाच्या नद्या आहेत, त्याही काळ्या ओढ्याच. ओढ्याचा ‘ग्लश’ आणि रंगाचा ‘ग्लस’ यांचं आपसातलं नातं जोडायचा मोह होतो, पण नावांच्या बाबतीत हात आखडता घेतलेला बरा.

रंगरेषा

मी नैसर्गिक रंगांवर काम करते, म्हणून ग्लास्टुमबद्दल थोडं. वोडच्या पानांतून आणि आपल्या निळीच्या पानांतून मिळणारा निळा हा रासायनिकदृष्ट्या एकच पदार्थ. निळीत त्याचं प्रमाण बरंच जास्त, एवढाच फरक. म्हणून भारतातली नीळ युरोपात पोचली तेव्हा वोडवाल्या शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची झोप उडाली. फ्रान्समध्ये राजा चौथ्या हेन्रीने १६०९ साली नीळ वापरणाऱ्याला मृत्युदंडाची धमकी दिली होती.

पण मला सांगायचं आहे ते रांजणाबद्दल. निळीचा रांजण चुना आणि गूळ घालून आंबवला की वर तांबूस चकाकीचा निळा फेस येतो आणि खालचं पाणी पिवळट-हिरवं दिसतं. निळं अजिबात नाही. त्यात कापड बुडवून हळूच, फेसाला न लावता वर काढलं की ते पोपटी-पिवळं असतं. हवा लागते तसं कडेपासून हिरवं होतं, मग मोरपंखी, आणि काही मिनिटांत निळं. मग परत बुडवायचं, परत हवेत धरायचं. गडद निळ्यासाठी हे अनेकदा करावं लागतं. आठ-दहा जण शिकायला आलेले असले तर त्या वेळी कोणी बोलत नाही, सगळे कापडाकडे बघत असतात. पिवळा, हिरवा, निळा यांच्या सीमा मला तरी त्या रांजणापाशी कधीच पक्क्या वाटल्या नाहीत.

डब्लिनकर

रंगरेषाताई, फार छान लिहिलंत. वोडच्या शेताची एक प्रसिद्ध जुनी आयरिश कथा आहे, ती इथेच सांगतो. आयरिशमध्ये या वनस्पतीचं नाव ‘ग्लॅशीन’, म्हणजे पुन्हा आपला ग्लसच.

आयर्लंडच्या जुन्या राजांची गादी असलेल्या ‘तारा’ या टेकडीवर लुगाइद मॅक कॉन राजा होता. कोणाच्या तरी मेंढ्या राणीच्या ग्लॅशीनच्या मळ्यात शिरल्या आणि पीक खाऊन गेल्या. राजाने निवाडा दिला: मेंढ्या राणीच्या मालकीच्या. तिथे वाढत असलेला कॉर्मक नावाचा मुलगा म्हणाला, हे बरोबर नाही. एका कातरणीला दुसरी कातरण पुरे. ग्लॅशीन परत उगवेल, लोकरही परत येईल; म्हणून मेंढ्यांची फक्त लोकर द्यावी. सगळे म्हणाले, हा खरा न्याय. आणि खोटा निवाडा जिथे दिला गेला ती घराची बाजू टेकडीवरून घसरून गेली. पुढे वर्षभर जमिनीतून गवत उगवेना, झाडाला पान येईना, कणसात दाणा भरेना. शेवटी लोकांनी राजाला घालवलं. हाच कॉर्मक पुढे कॉर्मक मॅक आर्ट म्हणून गाजला.

राणीचं रंगाचं पीक आणि रानातलं गवत, दोन्ही एकाच न्यायाला बांधलेली. मला ही कथा फार आवडते.

जुना_वाचक

अप्रतिम चर्चा. आपल्याकडचं एक उदाहरण मांडतो. ‘घारे डोळे’ म्हणजे नक्की कुठल्या रंगाचे? निळसर डोळे घारे, हिरवट घारे, करडे घारे, मधाच्या रंगाचेही घारेच. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींनी घरी येऊन ‘घारी आहे’ म्हटलं की कोणी ‘म्हणजे निळी की हिरवी?’ असं विचारत नाही. आयरिशमध्ये डोळ्यांना ग्लस म्हणतात का?

आणि घोड्याचं: उर्दूत सब्ज म्हणजे हिरवा, पण करड्या घोड्याला ‘सब्जा’ म्हणायची पद्धत होती. आयरिश ग्लस घोड्याचं वाचून तेच आठवलं.

डब्लिनकर

जुना_वाचक, हो, ‘सूल्ये ग्लसा’ अगदी रोजचा शब्दप्रयोग आहे. इंग्रजी भाषांतरात कधी हिरवे, कधी करडे होतात. घारे हे मला आतापर्यंत दिसलेलं सगळ्यात चोख भाषांतर!

अजून एक सांगायचं राहिलं. सातव्या शतकाच्या अखेरीचं किंवा आठव्याच्या सुरुवातीचं एक जुनं आयरिश प्रवचन फ्रान्समधल्या कांब्रे इथल्या हस्तलिखितात टिकून आहे. त्यात हौतात्म्याचे तीन रंग सांगितलेत. देवासाठी आपल्या आवडत्या सगळ्यापासून दूर जाणं, ते पांढरं. उपवास आणि कष्ट करून वासना सोडणं किंवा पश्चात्तापात राबणं, ते ग्लस. आणि क्रूस व मृत्यू सोसणं, ते लाल. आता ग्लस हौतात्म्याचा रंग कुठला? काही भाषांतरांत निळा, काहींत हिरवा. उपवासाने चेहऱ्यावर येणारी फिकट, निळसर कळा असावी, असं एक मत आहे आणि मला तेच पटतं. वेल्शमध्येही फिकुटलेल्या चेहऱ्याला ग्लास लागतो, नाही का?

उत्तरवात

लागतो. म्हणूनच ‘फिकट’ हा अर्थ मी यादीत दिला होता.

आता पाणिनीय यांच्या आक्षेपाकडे येते, कारण तो वजनदार आहे. ग्लाझिक कोटाचं उदाहरण मला अडचणीचं वाटत नाही. ब्रेतॉनने लॅटिन हिरवा आपल्याबरोबर नेला होता, त्यामुळे तिथला ग्लास हा वेल्शसारखाच निळा झालेला, आणि कापडालाही मोकळेपणाने लागणारा. माझा मुद्दा मूळ शब्दाबद्दल आहे. ग्लास्टुमचं म्हणाल, तर पानाला रंगाचं नाव मिळालं की रंगाला पानाचं, हे प्लिनीच्या एका ओळीवरून ठरत नाही. वेल्शमध्ये या वनस्पतीला ‘ग्लासलिस’ म्हणतात, म्हणजे ‘ग्लास झाड’. तिथे तरी रंग आधी आहे आणि झाड नंतर.

पाणिनीय

ग्लासलिस हा उघड सामासिक शब्द आहे, तो ग्लास्टुमच्या मानाने केव्हाचाही असू शकतो. त्यावरून गॉलिशबद्दल काही सिद्ध होत नाही. तरी दिशा तीच असावी हे मला मान्य, पण वेगळ्या कारणासाठी: हरि, ख्लोरोस, झर्द ही सगळी भावंडं रंगवाचक आहेत, त्यातलं एकही रंगाऱ्याच्या झाडाचं नाव म्हणून सुरू झालेलं नाही. हळदीला हरिद्रा हे नाव रंगावरून मिळालं, उलट नाही. तेव्हा रंग आधी, हे ठीक. ‘निसर्गातला विरुद्ध रंगवलेला’ हा भेद मात्र मी आयरिशपुरताच मानेन, कारण तो ऊअन्ये शेजारी असल्यामुळे उभा राहतो. दहाव्या शतकातल्या एका आयरिश काव्यात बारा वाऱ्यांना बारा रंग दिलेत आणि त्यात ग्लस आणि ऊअन्ये वेगवेगळे मोजलेत. वारा काही कोणी रंगवत नाही. तेव्हा त्या काळी भेद निराळाच काहीतरी होता, कदाचित फिका आणि गडद असा.

उत्तरवात

वाऱ्यांचं उदाहरण जबरदस्त आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मँक्समध्येही दोन्ही शब्द आहेत, ‘ग्लस’ आणि ऊअन्येचा भाऊ ‘गेन्या’; तिथे भेद कसा पडतो ते पाहायला हवं.

कोकणकडा

जूनमध्ये वेल्सला येतोय, स्नोडनवर चढायचं आहे. वाटेत एक ‘ग्लासलिन’ तळं नकाशात दिसतंय. तेही यातलंच का?

उत्तरवात

तेच. ‘लिन’ म्हणजे तळं. स्नोडनला वेल्शमध्ये ‘अर उइध्वा’ म्हणतात, तिथे हेच नाव वापरा, लोकांना बरं वाटतं. ग्लासलिन शिखराच्या खालीच, साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या खडकात तांबं आहे, काठावर जुन्या तांब्याच्या खाणीचे अवशेषही दिसतील. त्या तांब्यामुळे पाण्याला हिरवट-निळी झाक येते, आणि ढग उतरले की तेच पाणी शिशासारखं करडं दिसतं. मायनर्स ट्रॅक या वाटेने चढलात तर अगदी काठावरून जाल. सकाळी लवकर निघा.